मुलांना वेकसर्फिंगच्या स्पर्धेत उतरवताना: आधी लाट समजून घ्या

"हिच्या वेळची लाट जरा लहान होती का हो?"

गेली सहा वर्षं डॉकवर मी हा प्रश्न ऐकते आहे. मूल पाण्यातून वर येतं, आई टॉवेल गुंडाळते आणि बाबा हळूच माझ्याजवळ येऊन हेच विचारतात. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आसपासच्या तलावांवर वेकसर्फिंगच्या, म्हणजे बोटीने मागे उठवलेल्या लाटेवर बोर्ड चालवण्याच्या, स्पर्धा होतात, तिथे मी गुणलेखनाला बसते. पंच बोटीतून लाटेकडे बघत तोंडाने जे बोलतात ते मी कागदावर उतरवते. त्यांनी मान खाली घातली तर खेळाडूची एखादी युक्ती, म्हणजे बोर्डवरची कसरत, बघायची राहून जाते, म्हणून लिहायला वेगळं माणूस लागतं. माझी मुलगी नवव्या वर्षी बोर्डवर उभी राहिली, आता ती पंधराची आहे. तिच्या पहिल्या स्पर्धेला मला काहीच माहीत नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी दोन-तीन आया मला गाठतात, "आमच्या पोराला पण उतरवायचंय, काय काय करायचं?" त्यांना जे सांगते ते सगळं इथे एकदा लिहून ठेवते.

तर तो बाबांचा प्रश्न. तो अगदी योग्य आहे, आणि या खेळाचा सगळा बंदोबस्त त्याच एका प्रश्नासाठी आहे. समुद्रात सर्फिंग करणाऱ्याला लाट मिळते ती दर्याच्या मर्जीने. एकाच्या वाट्याला उभी भिंत येते, दुसऱ्याच्या वाट्याला नुसता फेस. इथे लाट बोट तयार करते. जी लाट तयार करता येते ती पुन्हा तशीच तयार करता आली पाहिजे. म्हणून समुद्रावर ज्याला नशीब म्हणतात, त्याची इथे कुणावर तरी जबाबदारी असते. ती कुणावर आणि कशी, हे कळलं की तयारी कशाची करायची ते आपोआप कळतं.

खेळ थोडक्यात

बोट ताशी १० ते १२ मैलांनी, म्हणजे १६ ते १९ किलोमीटरने चालते. दोरी फक्त पाण्यातून उठण्यापुरती. उभं राहिलं, लाटेचा रेटा पायाखाली लागला, की दोरी सोडून द्यायची. पुढचं सगळं लाटेच्या जोरावर, बोटीपासून तीन-चार मीटरवर. वेकबोर्डमध्ये पाय बोर्डाला बांधलेले असतात आणि दोरी हातातच राहते. इथे हातपाय मोकळे. वेग कमी असल्यामुळे पडलं तरी फारसं लागत नाही, म्हणून दहा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीतले तिचे बाबा एकाच दुपारी शिकू शकतात.

नियम कोण करतं

पाण्यावर बोटीमागे खेळायच्या खेळांची जुनी जागतिक संघटना १९४६ साली जिनिव्हात स्थापन झाली. तिचं आजचं नाव इंटरनॅशनल वॉटरस्की अँड वेकबोर्ड फेडरेशन. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९४९ साली फ्रान्समध्ये ज्वाँ-ले-पँ इथे झाली. वॉटरस्की हा मोजमापाचा खेळ आहे. स्लॅलममध्ये, म्हणजे नागमोडी वळणं घेण्याच्या प्रकारात, सहा बोया (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. दोरी १८.२५ मीटरपासून सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने आखूड होत जाते. युक्त्यांच्या प्रकारात २० सेकंदांच्या दोन फेऱ्या, आणि प्रत्येक युक्तीचे गुण तक्त्यात आधीच छापलेले. पंचाने ती ओळखायची आणि पुरी झाली की नाही ते ठरवायचं.

वेकबोर्डवाल्यांनी वेगळी वाट धरली. १९८९ साली जिमी रेडमन यांनी फ्लोरिडात वर्ल्ड वेकबोर्ड असोसिएशन काढली. तीच आजची वर्ल्ड वेक असोसिएशन. तिथे तक्ता नाही. पंच संपूर्ण फेरी बघतात आणि एकाशी दुसऱ्याची तुलना करतात. वेकसर्फिंग याच घरातलं धाकटं भावंड, त्यामुळे त्याचे गुणही असेच, डोळ्यांनी बघून आणि तुलनेने दिले जातात. पुढे फक्त वेकसर्फिंगसाठी कॉम्पिटिटिव्ह वेक सर्फ असोसिएशन उभी राहिली. वर्ल्ड वेक सर्फिंग चॅम्पियनशिप हे नाव तिच्यामुळे लोकांच्या कानावर पडलं.

पालकांनी यातून लक्षात ठेवायचं ते एवढंच. तलाव, तंबू, सँडविचचं दुकान, माइकवर ओरडणारा माणूस हे सगळं स्थानिक आयोजकाचं असतं. तो कधी बोटींचा विक्रेता असतो, कधी एखादा क्लब. जागतिक संस्था त्या स्पर्धेला मान्यता देते. मान्यतेबरोबर नियमपुस्तक येतं, विभागांची रचना येते, प्रशिक्षित पंच येतात, आणि तिथे मिळालेले गुण हंगामाच्या क्रमवारीत धरले जातात. मान्यता नसलेली स्पर्धा वाईट असते असं मुळीच नाही. पहिला अनुभव घ्यायला मी तर तीच सुचवते. पण नोंदणीचे पैसे भरण्याआधी "मान्यता कुणाची आहे आणि या वर्षीचं नियमपुस्तक कुठलं?" एवढं विचाराच. फेरी किती सेकंदांची, किती वेळा पडलं तर चालतं, घड्याळ नेमकं कधी सुरू होतं, हे विभागानुसार बदलतं आणि वर्षावर्षालाही बदलू शकतं. मागच्या वर्षी शेजारच्या मुलाने सांगितलेलं यंदा धरून चालू नका. पुस्तक वाचा, आणि मुलाला स्वतःला वाचू द्या.

विभाग निवडताना

दोन गोष्टी ठरवायच्या. पहिली बोर्डाची, दुसरी पातळीची.

सर्फ प्रकारचा बोर्ड जाड असतो, त्याला खालून दोन ते पाच फिन, म्हणजे माशाच्या परासारखे छोटे पंख, असतात. तो लाटेला धरून ठेवतो, त्यावर जोरकस वळणं आणि हवेतल्या उड्या शोभतात. स्किम प्रकारचा बोर्ड पातळ आणि निसरडा, खाली अगदी छोटा फिन. तो पायाखाली भिंगरीसारखा फिरतो, म्हणून त्यावर गिरक्या जास्त. स्पर्धेत या दोघांचे विभाग वेगळे असतात, एकमेकांशी तुलना होत नाही. माझी मुलगी तेव्हा ३४ किलोची होती आणि तिला गोल फिरायचा नाद, म्हणून स्किम. तिच्या मैत्रिणीला लाटेच्या कडेवर फळी आपटून पाणी उडवायला आवडायचं, ती सर्फमध्ये गेली. मूल मोकळ्या वेळी बोर्डवर काय करत बसतं ते बघा. उत्तर तिथेच असतं.

पातळ्या साधारण तीन. अमॅच्युअर म्हणजे नवशिके, आउटलॉ म्हणजे मधले, आणि प्रो. शिवाय वयाने मोठ्या लोकांसाठी मास्टर्स आणि काही ठिकाणी लहान मुलांचे गट. इथे पालकांकडून एक चूक होते. मूल वरच्या पातळीचं खेळू लागलं तरी चषक हमखास मिळतो म्हणून त्याला खालीच ठेवतात. संस्था असं फार काळ चालू देत नाही, आणि देऊ नये. खाली नुकतं शिकणारं दुसऱ्या कुणाचं मूल उभं असतं. माझ्या मुलीने अमॅच्युअरमध्ये दोनदा पहिला नंबर काढला तेव्हा तिने स्वतःच विचारलं, "आई, आता वर जायचं ना?" पुढचं अख्खं वर्ष ती शेवटून दुसरी आली. त्याच वर्षी ती सगळ्यात जास्त शिकली.

लाट: इथे वेळ घालवा

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे. पालक बोर्डवर हजार डॉलर खर्च करतात आणि स्पर्धेची बोट कुठली आहे हे विचारतही नाहीत.

लाट कशाने होते? बोटीच्या वजनाने पाणी बाजूला सरतं आणि मागे पुन्हा एकत्र येतं. बोट जितकी जड तितकं जास्त पाणी सरतं. म्हणून या बोटींच्या पोटात टाक्या असतात, त्यांत तलावाचं पाणी भरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे हजार लिटर भरलं की एक टन. या बोटी एक-दीड टन पाणी सहज घेतात. वरून रबरी पोती, शिश्याच्या पिशव्या आणि माणसं. पूर्वी सगळं वजन एका बाजूला टाकून बोट कलती करायचे, कलत्या बाजूला लाट उभी राहायची. दुसरा पाय पुढे ठेवणारा खेळाडू आला की पुन्हा सगळं इकडून तिकडे. २०१२ साली मलिबू कंपनीने सर्फ गेट आणलं. बोटीच्या मागच्या कोपऱ्यांवर दोन झडपा. एक उघडली की त्या बाजूचं पाणी उशिरा एकत्र येतं आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ लाट उठते. इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती काढल्या. आता बोट सपाट ठेवून काही सेकंदांत लाट डावीकडून उजवीकडे नेता येते. स्पर्धेच्या दृष्टीने ही फार मोठी सोय झाली, कारण डावा पाय पुढे ठेवणारा आणि उजवा पाय पुढे ठेवणारा दोघंही एकाच बोटीमागे, एकाच वजनावर खेळू शकतात.

डावा पाय पुढे असेल तर तो खेळाडू रेग्युलर, आणि तो बहुधा बोटीच्या डाव्या बाजूला खेळतो, म्हणजे तोंड लाटेकडे राहतं. उजवा पुढे तो गूफी, त्याची बाजू उजवी. नोंदणीच्या अर्जावर हे विचारतात. मुलाने डाव्या-उजव्यात गोंधळ घातला तर बोट निघताना भलत्याच बाजूला लाट उभी राहते. अर्ज भरताना त्याला अंगणात उभं करून पाठीवर हलका धक्का द्या. जो पाय पुढे पडतो तो बहुतेक वेळा त्याचा पुढचा पाय. आणखी एक बारकावा आहे. बोटीचा पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लाटा हुबेहूब सारख्या कधीच नसतात. चांगला चालक वजन थोडं इकडेतिकडे करून दोन्ही जवळ आणतो. संस्थेच्या स्पर्धेत हे काम सकाळी, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच होतं. ठरलेलं वजन आणि ठरलेला वेग लिहून ठेवतात, आणि मग तो विभाग संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. वेग चालकाच्या पायावर सोडत नाहीत, तो जीपीएसवर चालणारी यंत्रणा धरून ठेवते. काही विभागांत खेळाडूला थोडा वेग कमी-जास्त मागायची मुभा असते. असेल तर आपला आकडा पाठ हवा. वेग कमी केला की लाट आखूड आणि उभी होते, वाढवला की लांब आणि सौम्य. मागच्या टाक्यांत जास्त पाणी भरलं तर उंची वाढते, पुढे भरलं तर लांबी. माझ्या मुलीचा आकडा १०.८ मैल. ती झोपेतसुद्धा सांगेल.

आणि बोटीतली माणसं. एका स्पर्धेत ऊन कलंडलं तसे आमच्यातले दोघे डावीकडून उजवीकडे सावलीला सरकले. दीडशे किलो वजन हललं. मागे जी मुलगी होती तिच्या पायाखालची लाट विरत गेली आणि ती बुडाली. मी लिहीत होते, मला काही कळलं नाही. मुख्य पंचांनी बोट थांबवली, सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं आणि मुलीला पुन्हा फेरी दिली. चूक बोटीकडून झाली तर फेरी पुन्हा मिळते. तेव्हापासून आम्ही जागांवर टेपने नंबर चिकटवतो आणि मी पाण्याची बाटलीसुद्धा पायाशी ठेवते, म्हणजे वाकून घ्यायला उठावं लागत नाही.

म्हणून तयारी अशी करा. स्पर्धेची बोट कुठली ते महिनाभर आधी विचारा. शक्य असेल तर त्याच जातीच्या बोटीमागे दोन-तीन वेळा सराव करा. नाही जमलं तर वेगवेगळ्या तीन बोटींमागे करा. ज्या मुलाने कायम बाबांच्याच बोटीची लाट बघितली आहे, त्याला परकी लाट पहिल्या दहा सेकंदांत गोंधळात टाकते. आमच्या गावाकडे, कागल तालुक्यात, मी विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा आणि काठावर दोरी धरून उभे वडील. त्या विहिरीत मी मासोळी होते. पहिल्यांदा नदीत उतरले आणि ओढ लागल्यावर हातपाय कसे मारायचे तेच सुचेना. पाणी तेच होतं, पण हलत होतं.

फेरी कशी बांधायची

पंच चार गोष्टी बघतात. युक्ती किती अवघड, ती किती जोराने आणि धाडसाने केली, युक्त्यांमध्ये विविधता किती, आणि सफाई किती. इंग्रजीतल्या या चार शब्दांची आद्याक्षरं जोडून 'डाइव्ह' असा शब्द होतो, मुलांना तो लगेच लक्षात राहतो.

सगळ्यात कमी समजली जाते ती विविधता. माझ्या कागदावर एकाच मुलाच्या नावापुढे "३६०, ३६०, ३६०, ३६०", म्हणजे चार पूर्ण गिरक्या, असं कितीदा तरी लिहिलेलं असतं. चारही सुरेख. पण पंचाच्या हिशेबी त्याने एकच गोष्ट दाखवली. त्याच्यानंतर आलेल्या मुलीने एक ३६०, एक शव्हिट, म्हणजे शरीर जागेवर ठेवून पायाखालचा बोर्ड अर्धा फिरवणं, एक फ्लोटर, म्हणजे लाटेच्या कडेवरून घसरत जाणं, आणि एक पाय हवेत उचलून बोर्ड हाताने धरून ठेवण्याची ती गमतीदार युक्ती केली, तर सोप्या युक्त्या असूनही ती वर जाते. आईबाबांना हे अन्यायासारखं वाटतं. तसं नाही. चार वेगवेगळी दारं उघडणं हे एकच दार चारदा उघडण्यापेक्षा अवघड आहे.

जोर म्हणजे घाई नव्हे. तीच युक्ती लाटेच्या तळाशी, फेसाजवळ केली आणि तीच कडेवर, पाण्याच्या वर निघून केली, यात फरक असतो. पंच "वर गेली" किंवा "खाली" असं एका शब्दात सांगतात आणि मी बाण काढते. सफाईचं म्हणाल तर युक्तीनंतर हातांनी हवेत पोहत तोल सावरला की सफाईची उणीव लगेच दिसते. उतरल्यावर गुडघे वाकलेले, नजर पुढे, आणि लगेच पुढच्या युक्तीची तयारी, ही खरी सफाई.

पहिल्या स्पर्धेसाठी मी मुलांना सहा युक्त्यांची यादी करायला सांगते, त्याहून जास्त नको. दहापैकी नऊ वेळा जमणाऱ्या तीन आधी. मग दहापैकी सहा-सात वेळा जमणाऱ्या दोन. आणि नुकतीच जमू लागलेली एक, अगदी शेवटी, घड्याळ संपत आल्यावर. पडायची मुभा मोजकी असते. अवघड युक्ती सुरुवातीलाच करून पडलं तर पुढचं सगळं पाण्यात बसून बघावं लागतं. दोन फेऱ्या असतील तर त्या यादीचे दोन भाग करा. पहिल्या फेरीतलं दुसऱ्या फेरीत तसंच पुन्हा केलं तर त्याची भर फार कमी पडते.

आणि युक्त्यांच्या मधला वेळ. पुढच्या पायावर भार दिला की वेग वाढतो, मागच्यावर दिला की कमी होतो. लाटेत खालीवर करत वेग गोळा करणं याला पंप करणं म्हणतात. घाबरलेलं मूल चार युक्त्या होईपर्यंत लाटेच्या मागच्या टोकाला पोचलेलं असतं, तिथून वर येता येत नाही. म्हणून यादी पाठ करताना "युक्ती, पंप, युक्ती, पंप" अशीच करा. आमच्या दिवाणखान्यात गालिच्यावर जुना बोर्ड फिन काढून ठेवलेला आहे. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मी हातात घड्याळ घेऊन सोफ्यावर बसते आणि ती तिथे पूर्ण फेरी कोरडी करते. खाली राहणाऱ्या आजी आता वेळ विचारून ठेवतात.

स्पर्धेच्या दिवशी

सकाळी खेळाडूंची सभा असते. तिला मूल स्वतः गेलंच पाहिजे, तुम्ही मागे उभं राहा. बोट कुठून कुठे जाणार, वळण कुठे, पडल्यावर बोट कुठल्या बाजूने परत येणार, हे तिथेच सांगतात. क्रमाची यादी लावली की आपल्या आधीचे तीन खेळाडू कोण ते लिहून घ्या. तिसरा पाण्यात उतरला की जाकीट घालून, फिन घट्ट आहेत का बघून डॉकवर यायचं. फिनचा स्क्रू फिरवायची किल्ली मी गळ्यात अडकवते. गेल्या सहा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा उसनी दिलेली वस्तू तीच. जाकीट अंगासरशी हवं. थोरल्या भावाचं ढगळ जाकीट पाण्यात वर सरकून कानापाशी येतं आणि मग मूल मान वळवू शकत नाही.

पाण्यात पाठीवर पडून टाचा बोर्डवर, गुडघे वाकलेले, हँडल दोन्ही हातांत. दोरी हाताला किंवा अंगठ्याला कधीच गुंडाळायची नाही. उठल्यावर दोरी सोडायची ती लाटेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ती पायात येत नाही. पडल्यावर हात वर करायचा, म्हणजे चालकाला कळतं की ठीक आहे.

खाण्याचं म्हणाल तर सप्टेंबरातही टेक्सासचा पारा कित्येकदा पस्तीस अंशांच्या पुढे जातो. लिंबू, मीठ, साखर घालून सरबत, केळी, आणि फेरीच्या तासभर आधी थोडी दही-पोळी. त्याहून जास्त नको.

निकाल लावायला वेळ लागतो. आकडा बघून हुरळू किंवा खचू नका, क्रम बघा. तुलनेने गुण देताना पहिल्या खेळाडूला पंच मुद्दाम मध्ये कुठेतरी ठेवतात, वरखाली जागा राहावी म्हणून. एका स्पर्धेतल्या ६२ ची दुसरीतल्या ७० शी तुलना होत नाही. काही समजलं नाही तर विभाग संपल्यावर मुख्य पंचांकडे जा, आणि तुम्ही नाही, मुलाला पाठवा. "मी पुढच्या वेळी काय वेगळं करू?" असं विचारणाऱ्या मुलाला आमचे पंच दहा-दहा मिनिटं देतात.

जिवाची काळजी

यात एक शब्दही वगळू नका. वेकसर्फिंग करायचं ते फक्त पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या फळीपासून आत असलेल्या बोटीमागे, किंवा पंखा पुढे तोंड करून असलेल्या नव्या यंत्रणेच्या बोटीमागे. ज्या बोटीचं इंजिन मागे लटकलेलं असतं आणि पंखा शेवटाला, तिच्या मागे तीन मीटरवर मूल सोडायचं नाही. ओळखीचा माणूस कितीही म्हणाला, "हळू चालवतो", तरी नाही.

दुसरं, इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चालत्या बोटीच्या मागच्या फळीजवळ तो साचतो. पूर्वी लोक त्या फळीला धरून लाटेवर अंग टाकायचे. त्यात माणसं गेली, आणि कॅलिफोर्नियाने २००४ साली कायदा करून ते बंद केलं. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही. मुलाला मळमळ झाली, डोकं दुखलं, तर ऊन लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका. आधी बोटीपासून लांब मोकळ्या हवेत न्या, आणि मदत बोलवा.

तलावाचंही देणं लागतो

ज्या लाटेसाठी आपण एवढा खटाटोप करतो ती काठावर पोचली की माती कापते आणि लोकांच्या बांधलेल्या होड्या आपटते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ साली मोजून सांगितलं की या बोटींनी काठापासून आणि डॉकपासून ५०० फुटांहून जास्त लांब राहावं. व्हरमाँटने २०२४ साली तसा नियमच केला, काठापासून ५०० फूट आणि किमान २० फूट खोल पाणी. मी सरावालाही हेच अंतर धरते, कायद्याने मागितलं नसेल तिथेही. उथळ पाण्यात तशीही लाट चांगली होत नाही आणि तळाचा गाळ वर येतो. एका रेषेत सारखं फिरत राहू नका, आणि काठावरच्या माणसाने हात करून थांबवलं तर थांबून त्याचं ऐका.

आणि टाक्यांतलं पाणी. टेक्सासमध्ये झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला २००९ साली टेक्सोमा तलावात सापडला, २०१७ साली लेक ट्रॅव्हिसमध्ये. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ती बोटीतल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्या तलावात जातात आणि पाण्याच्या नळ्या बुजवून टाकतात. बोट तलावाबाहेर काढताना तिच्यातलं सगळं पाणी सोडून द्यायचं हा राज्याचा कायदा आहे, आणि आपल्या बोटीच्या टाक्यांत तर हजार लिटर पाणी असतं. पंपाने उपसून झालं तरी तळात बादलीभर उरतंच. म्हणून बोट ट्रेलरवर चढली की उतारावर नाक वर करून उभी करा, बूच काढा, आणि धार थांबेपर्यंत थांबा.

आमच्याकडे त्याला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी माझे कागद क्रमाने लावून मुख्य पंचांकडे देते. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर, नावाच्याही आधी, तीन रकाने आहेत: बाजू, वजन, वेग. बाबांनी येऊन तो प्रश्न विचारला की मी आधी कागद त्यांच्यापुढे धरते. त्यांचं मूल आणि पहिलं आलेलं मूल, दोन्ही कागद शेजारी शेजारी. मग ते खाली, युक्त्यांच्या रकान्याकडे बघू लागतात आणि विचारतात, "हा बाण वर काढलाय, तो कशाचा?"